आधी कोणता बाइट?

फौजेत ग्रिड रेफरन्स सांगताना आधी पूर्वेकडचे अंक, मग उत्तरेकडचे. क्रम उलटला की अंक तेच राहतात, जागा भलतीच निघते. संगणकाच्या फाइलीतही असाच एक क्रम असतो.

फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ही एसआरटीएमची माहिती आज कोणालाही मिळते. तिची एचजीटी फाइल अगदी साधी आहे. तीन सेकंदांच्या फाइलीत १२०१ ओळी, ओळीत १२०१ आकडे, प्रत्येक आकडा दोन बाइटचा. एकूण २८,८४,८०२ बाइट. सुरुवातीला कसलीही माहिती नाही, थेट आकडेच. आणि प्रत्येक आकड्यात मोठा बाइट आधी. यालाच बिग एंडियन म्हणतात. (सीनियर पुढे, आम्हाला सवयीचेच!)

आपले इंटेलचे लॅपटॉप मात्र लहान बाइट आधी धरतात. सी भाषेत ही फाइल जशीच्या तशी ॲरेमध्ये ओतली, तर ५६० मीटरचे १२,२९० होतात. एव्हरेस्टच ८,८४९ मीटर, त्यामुळे ही चूक लगेच पकडली जाते. पण ५१३ चे २५८ होतात, तेव्हा कोणाला शंका येणार?

त्याहून वाईट पुढे आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत रडारला जिथे काही दिसले नाही, तिथे उणे ३२,७६८ लिहिलेले आहे. म्हणजे ‘माहीत नाही’. बाइट उलटले की त्याचे होतात बरोबर १२८. हिमालयातल्या कड्याआडची न मोजलेली जागा १२८ मीटरची दरी म्हणून समोर येते. त्यावरून कोणी हेलिकॉप्टरचा मार्ग आखला तर?

जावाचे डेटाइनपुटस्ट्रीम मोठा बाइटच आधी वाचते, तिथे काळजी नाही. पायथॉनच्या स्ट्रक्टमध्ये आधी ‘>’ हे चिन्ह द्या. काहीच दिले नाही तर ते यंत्राचा क्रम धरते. सी मध्ये मी सरळ हिशेब करतो: पहिला बाइट गुणिले २५६, अधिक दुसरा, उत्तर ३२,७६७ च्या वर गेले तर ६५,५३६ वजा. यंत्र कोणतेही असो, उत्तर तेच.

मग ओळखीच्या डोंगरावर आकडा ताडून पाहा. समुद्रावर नको, शून्य उलटले तरी शून्यच दिसते.