कोणतं काम अडलंय?



दीक्षान्त समारंभात पाहुण्याने गगनभरारीविषयी बोलावं अशी रीत आहे. तुम्ही पाहुणी पालीहून बोलावलीत, तेव्हा ती गुडघ्यांविषयी बोलणार.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने बोलून टाकू. तुमच्यातले बरेच जण फिजिओथेरपीला ठरवून आलेले नाहीत. बारावी झाली, नीट दिली, एमबीबीएस थोडक्यात हुकलं, मग सीईटी सेलच्या एकेका फेरीनंतर पसंतीक्रम खाली सरकत बीपीटीवर येऊन थांबला. घरात कुणीतरी विचारलंच असेल, "म्हणजे मालिश ना?" त्या प्रश्नाने पहिल्या वर्षी तुम्हाला जेवढं लागलं, तेवढं आज लागत नसेल. आणि तुम्ही कुठल्या दाराने आत आलात हे पेशंट कधीच विचारत नाही.

आपला व्यवसायही असाच, काहीसा नाइलाजाने जन्माला आला. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत पोलिओ फार होता. फातिमा इस्माइल यांच्या लहान मुलीला तो झाला. तिच्यासाठी केलेल्या वणवणीतून जे हाती आलं ते इतरांच्या मुलांनाही मिळावं म्हणून त्यांनी 1947 साली काम सुरू केलं, आणि हाजीअलीचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय त्यातून उभं राहिलं. पुढे 1952 मध्ये राज्य सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून केईएममध्ये देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा काढली. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला, मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या आजारापायी ही विद्या इथे रुजली तो आजार गेला, विद्या मात्र वाढतच राहिली. कारण लुळं पडण्याची, आखडण्याची, झिजण्याची इतर कारणं काही संपली नाहीत.

आता पालीच्या बाजारपेठेतल्या एका मुलीविषयी सांगते. मुंबईला बीपीटीला गेली. पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये फॉर्मलिनने डोळे झोंबत होते आणि प्रत्येक स्नायू कुठून निघतो, कुठे जोडला जातो याच्या याद्या तोंडपाठ करता करता रडू येत होतं. दुसऱ्या वर्षी कायनेसिऑलॉजी सुरू झालं आणि त्या याद्या एकदम हलायला लागल्या. दिवाळीच्या सुट्टीत ती नवाकोरा गोनिओमीटर घेऊन घरी आली. घरात आजीचा उजवा खांदा आखडला होता. नातीने आजीला पलंगावर निजवून अगदी पुस्तकाबरहुकूम मोजमाप घेतलं. हात बाजूने 80 अंश वर जातो, बाहेरच्या बाजूला जेमतेम 20 अंश वळतो. तिने मोठ्या अभिमानाने आजीला आकडे सांगितले.

आजी म्हणाली, "ते असू दे. कासोटा कधी खोवता येईल ते सांग."

आजी नऊवारी नेसणारी. कासोटा मागे खोवायचा तर हात पाठीमागे वळून कमरेपर्यंत पोचायला हवा. महिनोन्‌महिने सून तो खोवून देत होती. दुखण्याबद्दल आजी चकार शब्द बोलली नव्हती, पण रोज सकाळी सुनेपुढे पाठ करून उभं राहणं तिला लागलं होतं. त्या घरात खांद्याचे अंश कुणालाच नको होते, कासोटा हवा होता.

तुमच्या तपासणीच्या कागदावर "मुख्य तक्रार" असा रकाना असतो आणि त्यात तुम्ही "खांदेदुखी, उजवी बाजू" असं लिहिता. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच्या आधी पेशंटला विचारा, कोणतं काम अडलंय? कुठे दुखतं ते नंतर विचारलं तरी चालेल.

त्या मुलीने मग व्यायाम बदलले. टॉवेल पाठीमागे धरून चांगल्या हाताने दुखरा हात हळूहळू वर ओढायचा, रोज आंघोळीनंतर. तिसऱ्या वर्षी मेडिसिन शिकताना तिच्या लक्षात आलं की मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. आजीची साखर तपासली, वाढलेली निघाली. औषध लिहिणं आपलं काम नाही, पण कुणाला कुणाकडे पाठवायचं हे कळणं आपलंच काम आहे. वर्ष उलटून गेल्यावर एकदाचा कासोटा जागेवर गेला. ती मुलगी आता पुण्यात असते. पालीला येत नाही, यावरून माझं तिच्याशी भांडण आहे, त्याकडे शेवटी येते.

पालीबद्दल तुम्हाला बल्लाळेश्वर माहीत असेल. अष्टविनायक करायला निघालेल्या आज्या बसमधून उतरतात तेव्हा मी रस्त्याकडेला उभी राहून त्यांची चाल बघते. कोण डाव्या गुडघ्यावर भार द्यायचं टाळते, कुणाचं खुब्याचं हाड कुरकुरतंय. सवय वाईट आहे, तुम्हालाही लागेल. पण माझे पेशंट त्या बसमधले नव्हेत. ते सुधागड तालुक्यातल्या गावांतले आणि वाड्यांतले, भातशेती करणारे, नाहीतर दुसऱ्याच्या शेतावर राबणारे.

जुलैत लावणी. चिखलात पाय रोवून, कमरेत वाकून, मागे सरकत सरकत दिवसभर. तुमचं पुस्तक सांगतं, पाठ ताठ ठेवा, गुडघ्यात वाका. चिखलात तसं करून दाखवा आणि मग मला भेटा! लावणी वाकूनच होते. तिथे आपल्या हातात थोडंच असतं, पण अगदी काहीच नसतं असंही नाही. रोपांचं आवण काढणं, मुठी वाहून नेणं आणि लावणं ही कामं बायकांनी आपसात बदलून घेतली, तर एकाच जागी कंबर मोडत नाही. एक ओळ संपली की कमरेवर हात ठेवून चारदोनदा मागे वाकायचं. मी हे बांधावर उभी राहून सांगते, कारण दवाखान्यात सांगितलेलं शेतात पोचत नाही.

गुडघ्यांचंही तेच. "जमिनीवर बसू नका, उकिडवं बसू नका" हे आपण किती सहज म्हणतो. खुर्चीतून उठायला गुडघा साधारण 100 अंशांपर्यंत वाकला तरी भागतं, उकिडवं बसायला तो 130 च्या पुढे जावा लागतो. पण चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, भांडी मोरीत आणि शौचाला बसायचं तेही उकिडवं. काकू मान डोलावतात आणि घरी जाऊन जमिनीवरच बसतात, दुसरं करणार तरी काय? म्हणून मी व्यायामाच्या कागदाआधी मुलाला बोलावते. चुलीखाली चार विटांचा उंचवटा कर, विळीजवळ उंच पाट ठेव, शौचालयात धरायला एक पाइप ठोकून दे. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम त्यानंतर. अल्ट्रासाउंडचं यंत्र माझ्याकडेही आहे, पण या पाइपाइतकं काम त्याने केल्याचं मला आठवत नाही.

अर्धांगवायूच्या पेशंटला आपण पॅरलल बारमध्ये गुळगुळीत फरशीवर चालवतो आणि "स्वतंत्रपणे चालतो" असा शेरा मारून घरी धाडतो. घरी उंबरठा असतो, शेणाने सारवलेलं अंगण पावसात निसरडं होतं आणि शेताकडे जाणारा बांध जेमतेम पाऊलभर रुंद असतो. मी दवाखान्यामागे मातीचा बांध घालून घेतलाय. त्यावरून चालल्याशिवाय मी कुणाच्या कागदावर तो शेरा लिहीत नाही.

आणि एक अडचण अशी, जी कुठल्याच पेपरात येत नाही. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे घरात कुणाला काहीही झालं तरी जावंच लागतं. परततात ते पावसाच्या तोंडावर. अशा घरातल्या माणसाला "पंधरा दिवसांनी दाखवायला या" असं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. त्याच्या बायकोला किंवा पोराला समोर बसवा, त्यांच्या हातांनी करून घ्या, आणि फक्त तीन व्यायाम द्या. बारा दिलेत की एकही होत नाही.

हाडवैद्यांवर नाक मुरडू नका. रात्री बोलावलं तरी ते वाडीवर जातात, आपण जात नाही. मात्र लहान मुलाचं कोपराजवळचं हाड मोडल्यावर बांबूच्या कांब्या करकचून बांधल्या, तर हाताचा रक्तपुरवठा तुटतो आणि स्नायू कायमचे आखडतात. ते व्होल्कमनचं आकुंचन एकदा झालं की आपल्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून हाडवैद्याशी ओळख ठेवा. बोटं गार पडली, निळी पडली, सरळ करताना पोर किंचाळलं, की तत्क्षणी बांधलेलं सोडून मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं, हे त्याला समजावून सांगा. तो ऐकतो, माझा अनुभव आहे. पालीजवळ उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत, सांधे धरलेले लोक तिथे आंघोळीला जातात. त्यांनाही हसू नका. शेकाने घटकाभर आराम पडतो, आणि व्यायाम करायला तीच वेळ उत्तम. फक्त मधुमेहाने ज्यांच्या तळपायाची जाणीव गेली आहे, त्यांना आधी हाताने पाणी बघायला सांगा, पाय भाजल्याचं त्यांना कळत नाही.

पण अडलेलं काम परत सुरू होणारच नसेल तर? आमच्याकडे आंब्यावरून, माडावरून माणसं पडतात, मणका मोडतो. तिथे माझा प्रश्न अपुरा पडतो हे मला मान्य आहे. मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर गेलं. मुष्टियुद्ध परत येणार नव्हतं. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं आणि 1972 साली हायडेलबर्गला त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. ही गोष्ट भाषणात छान वाटते, पण माडावरून पडलेल्या माणसाला सांगताना जपून सांगा. त्याला पदक नको असतं. दर दोन तासांनी कूस बदलून पाठीला जखम होऊ न देणं आणि वर्षभराने रस्त्यालगतच्या टपरीवर बसून हिशेब बघणं, एवढं जमलं तरी त्या घराचं चाक फिरतं. ते नवं काम त्याने शोधायचं. आपण त्याला तिथे बसता येईल इतपत धड आणि हात तयार करायचे.

पदव्यांविषयी एक-दोन वाक्यं, कारण तुम्ही त्यावर फार भांडता. 2021 मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि आपल्या व्यवसायाला देशपातळीवरचा आयोग मिळाला, ते चांगलं झालं. 2025 च्या सप्टेंबरात फिजिओथेरपिस्टांनी नावामागे "डॉक्टर" लावू नये असं एक सरकारी पत्र निघालं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं गेलं. त्या दोन दिवसांत सगळ्यांचे फोन तापले होते. माझ्या दवाखान्यात एक आजी मला "ए व्यायामवाली" अशी हाक मारतात. मी ओ देते.

तर आता ते भांडण. पुण्या-मुंबईत तुम्हाला एसी क्लिनिक मिळेल, खेळाडू मिळतील, गुडघा बदललेले निवृत्त साहेब मिळतील. तेही काम खरंच आहे, मी नाव ठेवत नाही. पण सुधागडातला पेशंट जेव्हा एसटीने खोपोलीपर्यंत, तिथून पुढे पनवेलपर्यंत जातो, तेव्हा त्याच्या दिवसाची मजुरी बुडते आणि बरोबर आलेल्या माणसाचीही. तिसऱ्या खेपेला तो येत नाही. आपण कागदावर लिहितो, "पेशंट अनियमित".

माझ्या दवाखान्यात दुसरं प्लिंथ, म्हणजे उपचाराचा पलंग, रिकामं आहे. पगार शहरापेक्षा कमी आहे, हे आताच सांगते. राहायची सोय आहे, मोटारसायकल चालवता येत असेल तर बरं, कातकरी बोलीतले चार शब्द आले तर फारच बरं. कुणाला यायचं असेल तर लावणी उरकण्याच्या आत कळवा. लावणीत दवाखान्यात कुणी फिरकत नाही, आणि ती संपली की दाराबाहेर रांग लागते.