पहिल्या पानावरची शपथ

रहस्यकथा मला मनापासून आवडतात. बाबूराव अर्णाळकरांचा झुंजार खोटा आहे, हे वाचकांना ठाऊक असे आणि अर्णाळकरांनाही. त्या खोटेपणात फसवणूक नव्हती.

डॅन ब्राऊन यांची 'द दा विंची कोड' ही २००३ सालची कादंबरी जगभर गाजली, मराठीतही आली. प्रत्येक प्रकरण अशा ठिकाणी संपतं की पान उलटावंच लागतं. पण पुस्तक मिटल्यावर कोडी तेवढी आठवतात, माणसं आठवत नाहीत.

तेही चाललं असतं. खरी निराशा केली ती सुरुवातीच्या 'वस्तुस्थिती' सांगणाऱ्या पानानं. 'प्रायरी ऑफ सायन' ही गुप्त संघटना १०९९ साली स्थापन झाली आणि ती खरीखुरी आहे, असं तिथं ठासून सांगितलंय. प्रत्यक्षात ती पिएर प्लांतार नावाच्या फ्रेंच गृहस्थानं १९५६ साली नोंदवली. तिच्या प्राचीनतेचे बनावट कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवलेले होते. लूव्रच्या पिरॅमिडला कादंबरीत ६६६ काचा आहेत, प्रत्यक्षात ६७३.

कल्पना हा लेखकाचा हक्कच आहे. आम्ही कवी तर त्यावरच जगतो. पण कल्पनेवर इतिहासाचा शिक्का मारला की वाचक बेसावध होतो. दुसऱ्याच्या श्रद्धेविषयीची ऐकीव गोष्ट खरी मानायला माणूस तसाही उतावीळ असतो. अशा गोष्टींची किंमत पुढं कोण मोजतं, हे आपल्या गल्ल्यामोहल्ल्यांना चांगलं माहीत आहे.

तेव्हा कादंबरी जरूर वाचा, रात्र जागवा. फक्त पहिल्याच पानावर कुणी खरेपणाची शपथ घेतली, तर आधी साक्षीपुरावा मागा.