लग्नानंतरचे नागरिकत्व : आईचे आणि लेकीचे

(मानसरोवर येथील गणेशोत्सवातील भाषण)



मी वकील नाही. भाचीच्या निमित्ताने जे कागद चाळावे लागले, त्यावरून बोलतो आहे. पदरात मुलगी असताना भाचीचे यजमान गेले. पुढे अमेरिकेचे नागरिक असलेल्या एका मराठी गृहस्थांशी तिचा पुनर्विवाह झाला. मुलीला तेव्हा १४ वर्षे पूर्ण झाली होती. आईबरोबर लेकही जाईल, असे आम्ही सगळे धरून चाललो.

पहिली चूक तिथेच झाली. अमेरिकन नागरिकाच्या पत्नीचा अर्ज वेगळा आणि सावत्र मुलीचा वेगळा. आमच्या एजंटाने एकच भरला. (फी मात्र पूर्ण घेतली!) लग्न मुलीच्या १८व्या वाढदिवसाआधी झाले असेल तर सावत्र नाते तिकडचा कायदा मानतो, म्हणून दुसरा अर्ज भरता आला. वडिलांच्या मृत्यूचा दाखला हिंदीत, त्याचे इंग्रजी भाषांतर करून घेतले. मुंबईला वकिलातीत मुलाखत झाली. दोघी विमानात बसल्या तेव्हा मुलगी साडेपंधरा वर्षांची होती.

आता नागरिकत्वाचे. ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारणपणे ५ वर्षांनी अर्ज करता येतो. पण नवरा निदान ३ वर्षे नागरिक असेल आणि तेवढा काळ दोघांचा संसार एकत्र चालू असेल, तर पत्नीला ३ वर्षे पुरतात. अर्ज त्याआधी ९० दिवस देता येतो. त्या मुदतीतला निदान निम्मा काळ प्रत्यक्ष तिथे राहिलेले हवे. प्रत्येक लग्नकार्याला इकडे धावणाऱ्या लेकींनी हे ध्यानात ठेवावे.

मुलीला ही सवलत नाही. सावत्र वडील नागरिक आहेत, एवढ्याने तिला नागरिकत्व मिळत नाही. २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे, आईने शपथ घेतली त्या दिवशी मुलगी १८च्या आत असेल, तिच्याकडे ग्रीन कार्ड असेल आणि ती आईच्या ताब्यात तिथेच राहत असेल, तर ती आपोआप नागरिक होते. तारीख शपथेची धरतात, अर्जाची नव्हे. आमचा हिशेब तुम्हीच करा : साडेपंधरा अधिक तीन.

दुसरा रस्ता दत्तकाचा होता. सावत्र वडिलांनी १६व्या वाढदिवसाआधी कायदेशीर दत्तक घेतले असते, तर कायदेशीर ताब्याची आणि एकत्र राहण्याची २ वर्षे १८च्या आत बसत होती. गृहस्थ तयार होते. मुलगी म्हणाली, "माझ्या बाबांचं नाव मी पुसणार नाही." पोरीला काय सांगणार? आमच्याही डोळ्यांत पाणी आले. दत्तक झाले तरी नाव बदलण्याची सक्ती नसते, हे आम्हाला कळले तेव्हा सोळावे सरले होते.

भाचीने शपथ घेतली. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही; तिने भारतीय पासपोर्ट परत केला आणि ओसीआय कार्ड काढले. मुलगी भारतीयच राहिली. तिचे ग्रीन कार्ड गेले नाही, कॉलेजही थांबले नाही. मात्र स्वतःच्या कार्डाची ५ वर्षे तिला मोजावी लागली. विमानतळावर मायलेकी वेगवेगळ्या रांगांत उभ्या राहिल्या, ते तिने फोनवर मला सांगितले.

आपल्याकडेही परदेशी सुनेला नोंदणीने नागरिकत्व घ्यायचे तर १९५५च्या कायद्याप्रमाणे ७ वर्षे इथे राहावे लागते, हे जाता जाता सांगतो.

ज्यांच्या घरी असे स्थळ चालू असेल त्यांनी आरतीनंतर मला भेटावे. येताना मुलाचा जन्मदाखला घेऊन यावा. पत्रिका नंतर पाहू.