परगावचे घर आणि घरचे पाणी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात बुलढाणा येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी ‘परदेशस्थ मुले आणि आपण’ या विषयावर चार शब्द बोलावयास मला आज्ञा केली. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सदतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून खडू झिजवून निवृत्त झालेला मास्तर. परदेश मी पाहिलेला नाही. पारपत्र काढले आहे, ते कपाटात आहे. तेव्हा मुलांची भाषा, संस्कार, विवाह इत्यादी थोर प्रश्नांवर अधिकारी वक्त्यांनी बोलावे हे योग्य. मी केवळ घरातल्या पाण्यावर बोलणार आहे. कारण परदेशी राहणाऱ्या माझ्या मुलावर जो प्रसंग आला तो पाण्यामुळे आला, आणि त्यातून मला जे कळले ते येथे बसलेल्या पुष्कळ कुटुंबांच्या उपयोगी पडण्यासारखे आहे.

आपल्या जिल्ह्यातील माणसाने पाण्याविषयी बोलावे, याला कोणाची हरकत असू नये. पैनगंगा आपल्याच डोंगरांत जन्मते, येळगाव धरणातून बुलढाणा शहराला पाणी पाजते, आणि तरीही उन्हाळा लागला की नळ किती दिवसांनी येणार याचा हिशोब आपण तिथीवाराप्रमाणे ठेवतो. घाटाखाली, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागांत विहिरीला पाणी असूनही ते तोंडात धरवत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. आमची आई पहाटे आडावर जाऊन पोहरा सोडी आणि झिऱ्याला पाणी साचेपर्यंत काठावर बसून राही. गुंड भरला की ती तो आधी डोक्यावर घेत नसे. पाणी कोणत्या बाजूने झिरपते आहे ते वाकून पाही. त्या स्त्रीला अक्षर येत नव्हते, पण घरातल्या प्रत्येक घोटाचा पत्ता तिला ठाऊक होता.

माझा मुलगा अभियंता आहे. पत्नी आणि आठ महिन्यांची कन्या यांच्यासह तो अमेरिकेत टेक्सास राज्यातील ऑस्टिन या शहरी राहत होता व आजही राहतो. ही गोष्ट फेब्रुवारी २०२१ मधली. टेक्सास हा उष्ण प्रांत. तेथील घरे उन्हाळ्याच्या बेताने बांधलेली. पाण्याच्या नळ्या पुष्कळ घरांत छपराखालच्या माळ्यावरून नेलेल्या असतात आणि त्यांना थंडीपासून पुरेसे आच्छादन नसते. त्या महिन्याच्या मध्यावर उत्तरेकडून जी थंडीची लाट आली तिने हा सारा बेत उधळून लावला. १५ तारखेच्या पहाटे वीज तोडण्यास सुरुवात झाली. ४५ लाखांहून अधिक घरे अंधारात गेली, एक कोटी चाळीस लाखांवर माणसांच्या पाण्यात व्यत्यय आला, आणि अधिकृत गणनेप्रमाणे २४६ माणसे दगावली.

त्या रात्री नऊच्या सुमारास मुलाचा फोन आला. तेथे सकाळ होती. “बाबा, रात्रीपासून लाईट नाही. घर गार पडलंय. बाहेर सगळं बर्फ.” मी मुलीची प्रकृती विचारली, अंथरूण-पांघरूण विचारले. आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या हातून फोन घेतला आणि एकच प्रश्न केला, “नळाला पाणी आहे का?” तो म्हणाला, “आहे की.” त्या म्हणाल्या, “मग घरात असेल नसेल ते भांडं भरून ठेव. आत्ता.” तो हसला. “आई, इथे पाणी जात नसतं.” त्या म्हणाल्या, “तुझ्या इथे लाईटही जात नव्हती ना?”

आईचा शब्द म्हणून त्याने न्हाणीतला मोठा टब भरला, कुकर, पातेली, दुधाच्या रिकाम्या बरण्या भरल्या. दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवलेला माझ्या आईचा पितळी गुंड होता. सूनबाईंनी तोही घासून भरला. १७ तारखेला शहराच्या पाणी शुद्ध करण्याच्या मुख्य केंद्राची वीज गेली, आणि मिळेल ते पाणी उकळूनच प्यावे असा हुकूम साऱ्या शहराला सुटला. तो हुकूम २३ तारखेपर्यंत टिकला. मुलाच्या घरी तर पाण्याचा थेंब येईना. शेजारीपाजारी बर्फ वितळवून शौचकूपात ओतीत होते. आमच्या नातीचे दूध गुंडातल्या पाण्यावर झाले. शेगडी गॅसची होती, काडीने पेटत होती, हे भाग्य.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे, नाहीतर आपण म्हणाल की मास्तर आपल्या गावच्या शहाणपणाचे पोवाडे गात आहेत. त्याच रात्री सौभाग्यवतींनी दुसरा सल्लाही दिला होता: कोळशाची शेगडी पेटवून खोलीत ठेव, दारे लावून घे. आपल्याकडे भिंतीला फटी, छपराला कौले. तेथील घर डब्यासारखे बंद. त्या आठवड्यात बंद घरात कोळसा पेटवून, मोटारगाडी चालू ठेवून, विषारी वायूने माणसे मेली. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थाने मुलाला वेळीच हटकले, म्हणून आज मी हे बोलतो आहे. आपले शहाणपण सरसकट बोटीत किंवा विमानात घालून पाठविता येत नाही.

आणि माझी स्वतःची चूक तर त्याहून मोठी. वर्गात बाटली तोंडोतोंड पाण्याने भरून, बूच घट्ट लावून, बर्फ झाल्यावर ती का फुटते हे मी वर्षानुवर्षे शिकविले. पाणी गोठले म्हणजे त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. नळीत बर्फाची गुठळी झाली की ती आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो व नळी तडकते. म्हणून कडक थंडीत तोटी किंचित उघडी ठेवून बारीक धार चालू ठेवावी, म्हणजे दाबाला वाट मिळते. माझा मुलगा माझ्याच वर्गात बसून हे शिकला होता. पण त्या सोमवारी ते मलाही आठवले नाही आणि त्यालाही नाही. परीक्षेत दोघांनाही पूर्ण गुण पडले असते.

रविवारी नळाला पाणी परतले. सूनबाईंनी आम्हाला आनंदाने फोन लावून तोटीची धार दाखविली. पाऊण तासाने पुन्हा फोन. माळ्यावरची नळी थंडीतच तडकली होती. पाणी नव्हते तोवर ते कळले नाही, दाब येताच छतातून धार लागली. मुलगा विचारीत होता, “बाबा, काय करू?” मी विचारले, “घराचा मुख्य कॉक कोठे आहे?” पलीकडे क्षणभर शांतता. दोन वर्षांपूर्वी घर घेतले, कर्जाचे कागद जपून ठेवले, भिंतींचे रंग निवडले; परंतु पाणी घरात कोठून शिरते आणि कोठे बंद होते हे त्याला माहीत नव्हते. बोलता बोलता मागच्या खोलीच्या छताचा भिजलेला पत्रा, म्हणजे तेथील गिलाव्याचा मोठा तक्ता, खाली आला. तो जेथे पडला तेथे नातीचा पाळणा असे. थंडीमुळे पाच दिवस तिघेही दिवाणखान्यात निजत होती, एवढ्यानेच मूल वाचले.

पुन्हा तेच वृद्ध शेजारी धावून आले. रस्त्याच्या कडेला जमिनीत लोखंडी झाकणाखाली पाण्याचा मीटर होता, शेजारी कॉक, आणि तो फिरविण्यास लांब दांड्याची चावी लागे. ती त्यांच्याकडे होती. एका मिनिटाचे काम. पण त्या मिनिटापर्यंत पोहोचण्यास पाऊण तास गेला होता. पुढे नळकारागीर मिळण्यास पंधरा दिवस लागले, कारण सगळ्या शहराच्या नळ्या एकदम फुटल्या होत्या. ते पंधरा दिवस माझा अभियंता मुलगा शेजाऱ्याच्या अंगणातून पाणी वाहत होता. घरात बादली एकच होती.

इतर देशांतली गाऱ्हाणी निराळी. आखातात समुद्राचे पाणी गोडे करून पुरवितात. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की लोक पाणी तापविण्याचे यंत्र बंद ठेवतात आणि त्याच्या घरातल्या टाकीत निवलेले पाणी गरम पाण्याच्या तोटीतून घेऊन अंघोळ करतात. लंडनचे पाणी जड, किटलीला चुन्याचे पुट चढते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरात २०१८ साली माणशी दिवसाला ५० लिटरच्या वर पाणी वापरू नये असा निर्बंध आला, तेव्हा जगभर हाहाकार झाला. २०१९ साली सुरू झालेल्या आपल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसासाठी ठरविलेले माप ५५ लिटर आहे. केपटाउनची आपत्ती आणि आपली योजना यांत पाच लिटरांचे अंतर! असो.

आता बाजू उलटून पाहू. मुले तिकडे आणि म्हातारे आईबाप इकडे, अशी या सभागृहात किती घरे आहेत हे मी हात वर करावयास सांगून विचारणार नाही. मुलगा तिकडून काळजीने पैसे पाठवितो आणि उपाय सुचवितो. पहिला उपाय टिल्लू पंप. नळाला थेट मोटार लावली की आपल्या टाकीत पाणी भराभर पडते हे खरे. पण ते शेजाऱ्याच्या तोटीतून ओढलेले असते, आणि नळी जेथे गळकी असेल तेथून गटारातली घाणही त्या ओढीने आत येते. दुसरा उपाय बोअर. घाटाखाली तो मीठच वर काढण्याची शक्यता अधिक. तिसरा उपाय पाणी गाळण्याचे विजेचे यंत्र. तेही मुलाने आम्हास पाठविले. एक तांब्या शुद्ध पाणी देण्यासाठी ते दोन-तीन तांबे मोरीत सोडते! सौभाग्यवती त्याखाली बादली ठेवून त्या पाण्याने लादी पुसतात, ही गोष्ट वेगळी.

पैशाने जे होत नाही ते मला एका घरात दिसले. गावाचे नाव सांगत नाही. घाटाखालचे ज्ञातिबांधवाचे घर; दोन्ही मुले परदेशी, उत्तम कमावती. उन्हाळ्यात नळ रात्री दोन वाजता सुटे. सत्तरीच्या वहिनी अंधारात उठून अंगणातल्या खड्ड्यातली तोटी उघडीत, कळशीने ड्रम भरीत. एका रात्री ओल्या फरशीवर पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले. यजमानांना कमी ऐकू येते. ते उजाडेपर्यंत निजून होते. वहिनी चार तास तेथेच पडून होत्या आणि शेजारी पाणी वाहत होते. मुलांनी शस्त्रक्रियेचा सर्व खर्च तात्काळ पाठविला, त्यांना मी यत्किंचितही दोष देत नाही. परंतु नळ रात्री दोनला येतो हे त्यांना माहीत नव्हते. आईने सांगितले नव्हते, त्यांनी विचारले नव्हते. रोज फोन होत असे. त्यात जेवणाची चौकशी असे, औषधांची असे, पाण्याची नसे. पुढे मंडळाच्या दोन तरुणांनी पाऊणशे फूट नळी व ड्रमला आपोआप बंद होणारा तरंगता गोळा बसवून दिला. खर्च एका महिन्याच्या टँकरहून कमी आला. वहिनी आज काठी घेऊन चालतात. संमेलनाला आल्या आहेत.

म्हणून मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या दोन्ही घरांचे, येथील आणि तेथील, एकेक टिपण लिहावे. पाणी कोठून येते, कोणत्या दिवशी व किती वाजता. घराचा मुख्य कॉक कोठे आहे आणि तो कोणत्या चावीने फिरतो. टाकी किती लिटरची व शेवटची केव्हा धुतली. गल्लीचा वॉलमन कोण. आणि रात्री हाक मारली तर ओ देईल असा शेजारी कोण. येथील टिपण मुलाकडे असावे, तेथील टिपण आपणाकडे. टिपण लिहिणाऱ्याने कॉक स्वतः हाताने एकदा फिरवून पाहावा. वर्षानुवर्षे न फिरविलेले कॉक गंजून बसतात, आणि ऐन वेळी मूठच हातात येते. मंडळाने प्रत्येक गावी एक-दोन तरुणांची नावे काढावीत, म्हणजे एकट्या वृद्धांच्या घरी पाण्याच्या वारी कोणी डोकावेल. फार मोठी योजना नव्हे. निधी लागणार नाही.

मुलाने आपले टिपण मला पाठविले आहे. लोखंडी झाकणाचे छायाचित्र आहे, माळ्यावरच्या नळ्यांना आच्छादन घातल्याची तारीख आहे, आणि शेवटी शेजाऱ्याचे नाव लिहून पुढे लिहिले आहे, “चावी यांच्याकडे होती. आता आमच्याकडेही एक आहे.” माझे टिपण मात्र अपुरे आहे. आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह मागे रस्ता करताना काँक्रीटखाली गेला. तो नेमका कोठे आहे हे एक निवृत्त वॉलमन सांगू शकतात असे कळले. येत्या रविवारी सकाळी त्यांना रिक्षाने घेऊन येणार आहे. खडू माझ्या खिशात आहेच.