घाटातही गाणं सुरू राहावं म्हणून

ताम्हिणी किंवा वरंध घाटात शिरलं की मोबाईलची रेंज जाते आणि इंटरनेटवर चाललेला ख्याल ऐन रंगात येताना तुटतो. गाणं असं तुकड्यांत ऐकवत नाही. म्हणून आदल्या रात्रीच घरच्या वायफायवर अ‍ॅपमध्ये गाणी डाउनलोड करून ठेवा. ही गाणी सहसा त्या अ‍ॅपमध्येच वाजतात, पेन ड्राइव्हवर घेता येत नाहीत.

पेन ड्राइव्हसाठी घरातल्या जुन्या सीडी बाहेर काढा आणि संगणकावर एमपीथ्रीमध्ये उतरवून घ्या. ३२० केबीपीएसला पाच मिनिटांचं गाणं साधारण १२ एमबी होतं. म्हणजे १६ जीबीत हजारावर गाणी सहज मावतात. ड्राइव्ह लावूनही गाडीतला स्टिरिओ गप्पच राहिला, तर आधी फॉरमॅट पाहा. अनेक स्टिरिओंना एनटीएफएस वाचता येत नाही, फॅट३२ येतं. फॉरमॅट बदलताना सगळं पुसलं जातं, तेव्हा गाणी आधी दुसरीकडे ठेवा. काही स्टिरिओंवर देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. तिथे नावं रोमन अक्षरांत द्या आणि क्रम हवा असेल तर सुरुवातीला आकडे घाला.

आणि चालत्या गाडीत गाणं शोधायचं काम शेजारी बसलेल्यांकडेच द्या.