उसातला बिबट्या, माळावरचा लांडगा
(शताब्दी सोहळ्यात दिंडीच्या वतीने केलेले भाषण)



शंभर वर्षांचा हिशेब मांडायचा तर विणेकरी, चोपदार, पंगती घालणारे यजमान, सगळ्यांची आठवण निघते. ती निघालीच पाहिजे. पण वाटेवर आणखीही कोणी राहतं, त्याचं नाव आपण घेत नाही. आज त्याच्याविषयी बोलतो.

निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर आम्ही त्र्यंबकेश्वराहून निघतो. नाशिक, सिन्नर, पुढं नगर, मिरजगाव, करमाळा करीत पंढरी गाठतो. अलीकडच्या पट्ट्यात उसात बिबट्या, नगर ओलांडल्यावर माळावर लांडगा. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडचे आदिवासी बांधव आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस करतात. त्याच दिवशी आपल्या घरी वसुबारस, गाय-वासराची पूजा. एकाच तिथीला गाय आणि वाघ! आम्हाला हे फार उशिरा ध्यानात आलं.

आपल्या दिंडीतली निम्मी घरं गोदाकाठची. पाटपाण्यानं ऊस आला, उसानं बिबट्याला दडण दिली. मादी उसातच पिल्लं घालते आणि तोडणीला ती सापडतात. पूर्वी लोक पिल्लं उचलून न्यायचे. आता वनखात्याची माणसं ती रात्री त्याच शेतात ठेवतात, बहुतेक वेळा आई येऊन घेऊन जाते.

‘धरा आणि लांब सोडा’ असं आम्हीही म्हणत आलो. जुन्नरला २००१ ते २००३ मध्ये तेच झालं. बिबटे पकडून दुसरीकडं सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब काढला, तर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते ते १७ वर गेले होते. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं. आपल्या शेजारच्या अकोल्यात त्यांनीच पाहिलं, की गावाभोवतीच्या बिबट्याचं सर्वांत मोठं खाणं म्हणजे कुत्रं.

इथं आमची चूक सांगतो. पंगत उठली की उष्टं आम्ही तंबूमागं टाकायचो. रात्री कुत्री जमायची. एका वर्षी सिन्नरच्या पुढच्या मुक्कामाला पहाटे बिबट्यानं त्यातलं एक ओढत नेलं. बायाबापड्या घाबरल्या, आम्ही ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत पुढच्या गावाला निघालो. उष्टं मागंच राहिलं, कुत्री राहिली, आणि त्यांच्यामागं येणाराही राहिला. त्या वस्तीवरची लेकरं दुसऱ्या दिवशीही त्याच वाटेनं शाळेत जाणार होती. आपल्या जिल्ह्यात बिबट्यानं मुलं नेली आहेत. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घरापुढं उभं राहून ‘जीवदया’ म्हणायचं धाडस आमच्यात नाही.

लांडग्याचं वेगळं. इंग्रजी अमलात त्याला मारल्याचं बक्षीस मिळे. नंतरही बिळात धूर करून पिल्लं मारली गेली. १९७२ च्या कायद्यानं त्याला वाघाच्याच यादीत बसवलं, पण माळ नांगरले गेले, प्लॉट पडले. आज देशभरात लांडगे जेमतेम ३ हजार असावेत. त्यात भटक्या कुत्र्यांचे रोग त्याला लागतात. पुण्याकडं कुत्र्या-लांडग्याचा संकरही आढळलाय. म्हणजे उष्टं इथंही आलंच.

नामदेवराय भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आम्ही कितीदा तरी सांगितली. मिरजगावच्या पुढं एका धनगरबाबांना मोठ्या उत्साहानं सांगितली. ते म्हणाले, “महाराज, त्याचा वाटा तो नेतो, आम्ही नाही म्हणत नाही. पण एका रात्रीत तीन कोकरं गेली की पोटाला चिमटा बसतो.” सरकारी भरपाई मिळत नाही का, असं आम्ही विचारलं. पंचनाम्याला मेलेलं जनावर दाखवावं लागतं. लांडगा कोकरू उचलूनच नेतो, आणि साहेब येईपर्यंत वाडा दोन गावं पुढं गेलेला असतो.

नामदेवरायांनी भाकर स्वतःची दिली होती. आम्ही मात्र बाबांच्या कोकरावर कीर्तन करत होतो.

म्हणून यंदापासून प्रत्येक मुक्कामावर खड्डा घ्यायचा आणि उष्टं त्यात पुरूनच निघायचं. अंधारात उसाकडं कोणी एकटं जायचं नाही, मुलांना तर मुळीच पाठवायचं नाही. दिंडीच्या पेटीतून थोडी रक्कम बाजूला काढली आहे. ती आहे वाटेवर ज्याचं कोकरू गेलं त्याच्यासाठी. पंचनामा न मागता. त्या धनगरबाबांचा वाडा या वर्षी कुठं उतरलाय, याची चौकशी सुरू आहे.