ओटची मऊ पेज आणि विजेचा प्रेशर कुकर
(एका व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या घरांत प्रेशर कुकर म्हटला की शिट्टी आलीच. भाताला किती शिट्ट्या, तुरीच्या डाळीला किती, हरभऱ्याला किती, हे हिशेब गृहिणींना तोंडपाठ असतात. विजेवर चालणारा प्रेशर कुकर सहसा शिट्टी देत नाही. तो आपले काम मुकाट्याने करतो आणि आपणांकडून मिनिटांचा हिशेब मागतो. हा हिशेब न जमल्यामुळे पुष्कळ घरांत हे महागडे साधन चार दिवसांनी फळीवर जाऊन बसते. ते पुन्हा खाली यावे, या हेतूने आज एक साधाच पदार्थ निवडला आहे : ओटची मऊ, दाट पेज.

ओट हे थंड व दमट हवेतील धान्य आहे. स्कॉटलंडमध्ये शतकानुशतके ते सामान्य जनांचे रोजचे अन्न होते. तेथे ही पेज पाणी व मीठ घालून, गुठळ्या होऊ नयेत म्हणून लाकडाच्या गुळगुळीत दांडीने ढवळीत शिजवीत. महाराष्ट्रातील गोपालकांना ओट परिचित आहे तो रब्बी हंगामातील हिरवा चारा म्हणून. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ हा वाण अशा चाऱ्यासाठीच आहे. माणसांच्या न्याहारीत ओट आपल्याकडे अलीकडे, आणि मुख्यतः शहरांत, रुळला आहे.

बाजारात ओट प्रामुख्याने तीन रूपांत मिळतो. दाण्याचे दोन-तीन तुकडे केलेली कणी, वाफवून व दाबून केलेले पोहे, आणि त्याहून पातळ, झटपट शिजणारे पोहे. कुकरचा खरा उपयोग कणीसाठी आहे, कारण उघड्या पातेल्यात तिला सुमारे अर्धा तास लागतो. पातळ पोहे तर पातेल्यातही काही मिनिटांत शिजतात. त्यांच्यासाठी कुकर लावण्याची आवश्यकता नाही.

या पेजेला साय किंवा लोणी घातल्यामुळे मऊपणा येतो, असा समज आढळतो. वस्तुतः तो दाण्यातच असतो. ओटमध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू साधारणपणे शेकडा ४ या प्रमाणात असतो. तो पाण्यात विरघळला की पाणी दाट व बुळबुळीत होते. त्याच्या जोडीला दाण्यातील पिष्ट फुगते. या दोन्ही क्रियांना उष्णता, पाणी आणि सवड लागते. झाकण घट्ट बसल्यामुळे वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी १०० अंश सेल्सियसच्या पुढे, या कुकरमध्ये सुमारे ११५ अंशांपर्यंत तापते. डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने हेच तत्त्व वापरून १६७९ मध्ये लंडन येथे आपले वाफेचे भांडे दाखविले होते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. तेथे तर कोंडलेल्या वाफेचे महत्त्व विशेष जाणवते.

आता कृती पाहू. चार माणसांसाठी एक वाटी कणी घ्यावी. कुकरच्या भांड्यात चमचाभर तुपावर ती खमंग वास सुटेपर्यंत परतावी. परतणे संपताच कळ बंद करावी. तीन वाट्या पाणी व चिमूटभर मीठ घालावे आणि तळाला काही चिकटले असल्यास ते उलथन्याने सोडवून घ्यावे. झाकण लावून अधिक दाबावर १० मिनिटे लावावीत. वेळ पूर्ण झाल्यावर झडपेला हात न लावता २० मिनिटे थांबावे. दाबदर्शक खिळा खाली उतरल्यावर झाकण उघडावे. वर पाणी आणि खाली दाणे असे दृश्य दिसेल. त्याने निराश होऊ नये. वाटीभर गरम दूध घालून दोन मिनिटे नीट ढवळावे आणि पाच मिनिटे झाकून ठेवावे. दाणे एकमेकांवर घासून पिष्ट बाहेर येते व पेज एकजीव होते. गूळ, खजूर, केळे किंवा वेलची नंतर घालावी. दूध आरंभीच घातले तर ते तळाला लागते आणि उतू जाते.

येथे सावधगिरीच्या तीन सूचना आवश्यक आहेत. पहिली, भांडे निम्म्याहून अधिक भरू नये. ओटला फेस येतो आणि तो वाफेच्या झडपेत शिरून ती बुजवू शकतो. दुसरी, घाईने वाफ सोडू नये. दाब एकाएकी उतरला की आतील पेज उसळून गरम चिकट फवारा बाहेर येतो, आणि अशा पेजेचा चटका पाण्यापेक्षा अधिक खोल जातो. तिसरी, मध्येच वीज गेली तर झाकणाशी झटापट करू नये. वीज गेली तरी दाब काही काळ तसाच असतो. खिळा आपोआप खाली उतरेपर्यंत थांबणे हाच उपाय. प्रत्येक वेळी झडप व झाकणाची रबरी कडी धुऊन ठेवावी.

आता वेळेविषयी स्पष्ट बोलू. दाब चढण्यास १० मिनिटे, शिजण्यास १०, थंड होण्यास २०, अशी ४० मिनिटे होतात. म्हणजे घड्याळाचा वेळ वाचत नाही. वाचतो तो माणसाचा. पातेल्याजवळ उभे राहून ढवळणारे हात मोकळे होतात. सकाळी मुलांचे डबे, पाणी भरणे आणि नोकरीची वेळ सांभाळणाऱ्या स्त्रीला ही अर्ध्या तासाची मोकळीक लहान नाही. घरातील पुरुषांनी व मुलांनी मिनिटांचा हा हिशेब शिकून घेतला, तर हे काम एकट्या तिच्यावर राहण्याचेही कारण नाही. दात गेलेल्या वृद्धांना व आजारातून उठलेल्यांनाही ही पेज सोयीची आहे.

गुणांची अतिशयोक्ती मात्र करू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये, संपृक्त स्निग्धता व कोलेस्टेरॉल कमी असलेल्या आहारात ओटमधील या विद्राव्य तंतूचे रोज ३ ग्रॅम सेवन हृदयविकाराचा धोका कमी करू शकते, असे वेष्टनावर सांगण्यास अनुमती दिली. तेवढ्यासाठी सुमारे ७५ ग्रॅम ओट लागतो, आणि वर साखरेचा ढीग घातला तर लाभ उणावतो. मधुमेह असलेल्यांनी प्रमाण सांभाळावे. गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा, कारण दळताना व भरताना ओटमध्ये गहू मिसळण्याचा संभव असतो.

ओट महाग वाटल्यास हीच रीत जोंधळ्याच्या कण्यांना व गव्हाच्या दलियाला लागू पडते. कण्यांना पाणी थोडे अधिक लागते, आणि निवल्यावर ताक घातले की पिढ्यानपिढ्यांची चव परत येते. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्या धान्यांना रोजच्या न्याहारीत स्थान मिळावयाचे असेल, तर ती शिजविण्याचे कष्ट आधी कमी झाले पाहिजेत. फळीवरचा कुकर त्यासाठी खाली काढावा, निम्मा भरावा, आणि वाफ आपोआप निवेपर्यंत धीर धरावा, एवढीच आपणां सर्वांस विनंती आहे.